आधी उठण्याची सोय, मग झोपण्याची

पोटाची शस्त्रक्रिया होऊन माणूस घरी येतो तेव्हा त्याच्या फाइलमध्ये गोळ्यांच्या वेळा असतात, टाके दाखवायला यायची तारीख असते, ‘जड उचलू नये’ अशी सूचना असते. कुठे झोपायचं, कसं झोपायचं आणि रात्री दोन वाजता लघवीला लागली तर अंथरुणातून उठायचं कसं, हे मात्र बहुतेक फाइलींत नसतं. रुग्णालयात पलंगाचा दांडा फिरवला की पाठ वर यायची, कठड्याला धरता यायचं, बेल दाबली की सिस्टर यायच्या. घरी सपाट दिवाण असतो, नाहीतर जमिनीवरची गादी. म्हणून घरातली पहिली रात्र पुष्कळांना रुग्णालयातल्या रात्रींपेक्षा जड जाते.

ही रात्र सोपी करायला लागणाऱ्या बहुतेक वस्तू घरातच असतात. चार-पाच उशा, एक भक्कम खुर्ची, एक स्टूल, दोन-तीन सुती चादरी. त्या कशा मांडायच्या आणि तशाच का मांडायच्या, एवढं कळलं की काम होतं. या सगळ्यामागचं सूत्र असं, की पोटाला टाके असलेल्या माणसासाठी जागा निवडताना आधी उठण्याची सोय पाहावी आणि मग झोपण्याची. स्वस्थ पडलेलं असताना पोट फारसं दुखत नाही. दुखतं ते पडल्याचं बसताना, बसल्याचं उभं राहताना आणि कूस बदलताना. मऊ, खोलगट, आरामशीर वाटणारं अंथरूण नेमकं याच तीन वेळांना दगा देतं.

पोटाच्या भिंतीत काय चाललेलं असतं

पोटाची पुढची भिंत अनेक थरांची असते. वर त्वचा, तिच्याखाली चरबी, त्याखाली स्नायू आणि त्या स्नायूंना धरून ठेवणारं चिवट, पांढरं आवरण. बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायू जातात. उताणे पडलेलो असताना डोकं आणि खांदे उचलून सरळ उठून बसायला गेलं, की हेच स्नायू जोरात आवळले जातात. खोकला, शिंक, हसू, शौचाला कुंथणं, जड वस्तू उचलणं या प्रत्येक वेळी पोटाच्या आतला दाब वाढतो आणि तो आतून टाक्यांवर येतो.

त्वचेची जखम आठ-दहा दिवसांत मिटलेली दिसते. त्यामुळे घरच्यांना आणि खुद्द रुग्णालाही वाटतं की आता सगळं भरलं. पण पोट खऱ्या अर्थाने धरून ठेवतं ते खालचं आवरण, आणि ते सावकाश भरतं. सहा ते आठ आठवड्यांनी त्याची ताकद मूळच्या साधारण निम्म्यापर्यंत येते. पुढे कित्येक महिने ती वाढत राहते, तरी पूर्वीइतकी पूर्ण होत नाही. डॉक्टर सहा आठवड्यांचं पथ्य सांगतात त्यामागे हे कारण असतं. त्या काळात आवरणावर अवाजवी ताण आला तर शिवण उसवू शकते किंवा पुढे त्याच जागी हर्निया होऊ शकतो.

अगदी सपाट उताणं झोपलं की पोटाची पुढची भिंत ताणली जाते. पाठीचा वरचा भाग थोडा उचलला आणि गुडघे किंचित वाकवले, की बरगड्या आणि ओटीपोट एकमेकांजवळ येतात व मधली शिवण सैल पडते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत बहुतेकांना अर्धवट बसल्यासारखं, म्हणजे ३० ते ४५ अंशांच्या उतारावर झोपणं सुखाचं वाटतं ते यामुळे.

ही स्थिती वैद्यकात रूढ झाली ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातले शल्यचिकित्सक जॉर्ज रायरसन फाउलर यांच्यामुळे. प्रतिजैविकं उपलब्ध नव्हती त्या काळात पोटात पू पसरला की रुग्ण वाचणं कठीण असे. पू ओटीपोटाकडे उतरावा आणि तिथून काढून टाकता यावा, यासाठी रुग्णाचं डोकं आणि धड उंच ठेवण्याची पद्धत फाउलर यांनी १९०० मध्ये मांडली. ते मूळ कारण आज बहुतेक रुग्णांच्या बाबतीत उरलेलं नाही, पण पोटाला सैलपणा आणि श्वासाला मोकळीक देणारी ही स्थिती टिकून राहिली. वैद्यकीय साहित्याच्या दुकानात भाड्याने मिळणाऱ्या पलंगाला ‘फाउलर बेड’ म्हणतात तो यांच्याच नावाने. फक्त पाठ उचलणारा तो ‘सेमी फाउलर’, आणि पाठ व गुडघे दोन्ही उचलता येतात तो पूर्ण ‘फाउलर’. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभरासाठी असा पलंग आणणं सोयीचं होतं. महाराष्ट्रात अनेक गावांत सामाजिक संस्था रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं चालवतात. तिथे अनामत रक्कम भरून पलंग, कमोडची खुर्ची, वॉकर नाममात्र भाड्यात मिळतो. आधी तिथे चौकशी करावी.

घरच्या घरी उतार

पलंग आणणं शक्य नसेल तर घरातली लाकडी किंवा लोखंडी भक्कम खुर्ची कामी येते. ती उलटी करून पलंगाच्या उशाकडे अशी ठेवायची, की तिची पाठ तिरकी होऊन उतार तयार होईल आणि पाय भिंतीला किंवा पलंगाच्या डोक्याकडच्या फळीला टेकतील. खुर्ची सरकू नये म्हणून दोरीने किंवा जुन्या ओढणीने पक्की बांधावी, वर घडी घातलेली गोधडी पसरावी आणि त्यावर उशी ठेवावी. परिचारिकांच्या शिक्षणातही हा उपाय शिकवला जातो. प्लॅस्टिकची खुर्ची वजनाने वाकते, ती यासाठी घेऊ नये.

नुसत्या उशा रचायच्या असतील तर एक चूक हमखास होते. सगळ्या उशा मानेखाली कोंबल्या जातात. मग मान पुढे दुमडते, हनुवटी छातीला टेकते, श्वास कोंडल्यासारखा होतो आणि कंबर मात्र सपाटच राहते. उतार कमरेपासून सुरू झाला पाहिजे. सर्वांत खाली लांब लोड किंवा दोन उशा कमरेच्या वर आडव्या, त्यावर एक उशी पाठीच्या मध्यापासून, आणि शेवटची मऊ उशी फक्त डोक्याला, अशी पायऱ्यांची रचना करावी.

उतारावर माणूस खाली घसरत राहतो. घसरलं की पुन्हा वर सरकावं लागतं, आणि त्यात पोटावर ताण येतो. शिवाय माकडहाडाजवळची त्वचा घासून लाल होते. यावर उपाय म्हणजे मांड्यांखाली गोधडीची जाडसर गुंडाळी ठेवणं. तिने घसरणं थांबतं आणि गुडघे वाकल्यामुळे पोट सैल राहतं. ही गुंडाळी मांड्यांखाली असावी, थेट गुडघ्यामागच्या खळग्यात नसावी आणि तासन्‌तास तशीच ठेवू नये. तिथे सतत दाब राहिला की पायातल्या रक्ताचा परतीचा प्रवाह मंदावतो.

आरामखुर्चीचं काय, असं बरेच जण विचारतात. कापडी झोळीची जुनी आरामखुर्ची पहिल्या दोन-तीन आठवड्यांत टाळावी. बसायला ती सुंदर असते, पण तिच्यातून बाहेर यायला सगळा जोर पोटाचा लागतो. पाठ मागे जाणारी रिक्लायनर खुर्ची काहींना पहिल्या रात्री पलंगापेक्षा बरी वाटते. पायाखालची फळी परत मिटवायला मात्र टाचांनी दाबावं लागतं, तेव्हा ते काम दुसऱ्याने करावं. दिवसा बसायला सरळ पाठीची, दोन हातांची, कडक बैठकीची खुर्ची सर्वांत चांगली, कारण उठताना तिच्या हातांवर भार देता येतो.

दिवाण, बाज की जमीन

अंथरुणाच्या कडेवर बसलं असता दोन्ही पावलं जमिनीवर पूर्ण टेकली पाहिजेत आणि नितंब गुडघ्यांच्या पातळीत किंवा किंचित वर असले पाहिजेत. बहुतेक प्रौढांना जमिनीपासून गादीच्या वरच्या बाजूपर्यंत १८ ते २० इंच उंची सोयीची पडते. दिवाण ठेंगणा असेल तर त्यावर आणखी एक गादी घालावी. पलंग फार उंच असेल तर रुंद, न हलणारा पाट पायाशी ठेवावा.

गादी टणक हवी. कापसाची नव्याने पिंजून भरलेली गादी चालते, कॉयरची चालते. मधे खड्डा पडलेल्या गादीत किंवा झोळ पडलेल्या बाजेवर कूस बदलायची तर खड्ड्यातून वर चढावं लागतं. बाज हाच पर्याय असेल तर गादीखाली प्लायवुडची फळी टाकावी.

महाराष्ट्रात असंख्य घरांत माणसं जमिनीवर झोपतात. एरवी त्यात काहीच वाईट नाही, पण जमिनीवरून उठणं हे पोटासाठी सर्वांत अवघड काम आहे. शक्य तर पहिले दोन-तीन आठवडे शेजाऱ्यांकडून खाट आणावी. ते जमलंच नाही, तर गादीशेजारी भिंतीला टेकवून भक्कम खुर्ची ठेवावी. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हात आणि गुडघ्यांवर यायचं, खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात टेकायचे, एक पाऊल पुढे ठेवून पायांच्या जोरावर उभं राहायचं. शेजारी दुसरं माणूस असावंच.

ज्या कुशीवर वळताना कमी दुखतं, त्या बाजूने पलंगावरून उतरता आलं पाहिजे. पित्ताशयाची चिरा देऊन केलेली शस्त्रक्रिया असेल तर टाके उजव्या बरगडीखाली असतात आणि बहुतेकांना डावीकडे वळणं सोपं जातं. ती बाजू भिंतीला लागलेली असेल तर पलंग फिरवावा किंवा उशी-पायथ्याची अदलाबदल करावी. त्याच बाजूला कमरेच्या उंचीचं स्टूल ठेवून त्यावर पाणी, औषधं, फोन, चष्मा, विजेरी आणि वाजवायला वाटी-चमचा ठेवावा. पाण्याची बाटली जमिनीवर असली की वाकणं आलंच.

चादर गुळगुळीत सुती असावी, तिच्यावर अंग सहज सरकतं. खांद्यांपासून मांड्यांपर्यंत येईल अशी आणखी एक चादर दुहेरी घडी घालून आडवी अंथरावी. रुग्णाला सरकवायचं झालं तर दोघांनी दोन्ही बाजूंनी ती धरून सरकवता येतं, अंगाला ओढाताण होत नाही. पांघरूण हलकं हवं. जाड रजईचं ओझं ताज्या जखमेवर नकोसं वाटतं. मच्छरदाणी असेल तर तिच्या कडा खोचण्याचं काम इतरांनी करावं. उन्हाळ्यात पंखा हवाच, कारण घामाने जखमेची जागा ओली राहणं चांगलं नाही.

उठण्याची रीत

घरी सोडण्यापूर्वी रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टकडून ही रीत दोनदा करून घ्यावी, घरी ती दिवसातून दहा-बारा वेळा लागते.

उताणे असताना आधी दोन्ही गुडघे एकेक करून वाकवा, पावलं गादीवर टेकलेली राहू द्या. मग खांदे, कंबर आणि गुडघे एकाच वेळी, लाकडाचा ओंडका लोळवावा तसे, कुशीकडे वळवा. धड पिळलं जाता कामा नये. कुशीवर आल्यावर क्षणभर थांबा. आता पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडा आणि त्याच वेळी खालच्या हाताचं कोपर व वरच्या हाताचा तळवा गादीवर दाबून धड वर उचला. खाली जाणाऱ्या पायांचं वजन धडाला वर येण्यास मदत करतं आणि पोटाच्या वाट्याचं काम हात करतात. जोर लावताना श्वास रोखू नका, तोंडाने हळूहळू सोडा. श्वास रोखला की पोटातला दाब वाढतो.

बसल्यावर लगेच उभं राहू नये. मिनिटभर कडेवर बसून पावलं वर-खाली हलवावीत. शस्त्रक्रिया, उपास, वेदनाशामक औषधं यांमुळे उभं राहताच रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. झोपताना हाच क्रम उलटा करायचा. कडेवर बसायचं, कोपरावर भार देत कुशीवर यायचं, पाय वर घ्यायचे आणि मग उताणं वळायचं.

खोकला किंवा शिंक येईल असं वाटलं, की हाताशी ठेवलेली छोटी, घट्ट उशी टाक्यांवर दोन्ही हातांनी दाबून धरायची. बाहेरून आधार मिळाला की आतला धक्का कमी जाणवतो. ही उशी अंथरुणात, खुर्चीत आणि घरी येतानाच्या गाडीतही जवळ असावी. पोटाला पट्टा बांधायला सांगितलेला असेल तर तो रात्री काढायचा की ठेवायचा, हे डॉक्टरांना नेमकं विचारावं. सगळ्या शस्त्रक्रियांना एक उत्तर नाही.

दोन-चार दिवसांनी कुशीवर झोपावंसं वाटतं आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर जरूर झोपावं. दोन्ही गुडघे थोडे वाकवून त्यांच्यामध्ये उशी ठेवली की कंबर पिळली जात नाही. पोट खाली लोंबून टाके ओढले जातात असं वाटलं तर पोटाखाली घडी घातलेला पंचा सरकवावा. पाठीमागे लोड लावला की झोपेत माणूस अचानक उताणा होत नाही. पालथं झोपणं डॉक्टर सांगेपर्यंत टाळावं. पोटाला निचऱ्याची नळी लावलेली असेल तर तिची पिशवी जखमेच्या पातळीच्या खाली राहील अशी आणि उठायच्या बाजूला टांगावी, म्हणजे वळताना नळी अंगाखाली अडकत नाही. पोटावर शौचाची पिशवी असेल तर ती झोपण्यापूर्वी रिकामी करावी.

दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया

भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईत केली. आता हर्निया, अपेंडिक्स, गर्भाशय अशा कितीतरी शस्त्रक्रिया याच पद्धतीने होतात. छेद लहान असल्याने वेदना कमी असतात, पण एक दुखणं रुग्णाला गोंधळात टाकतं. शस्त्रक्रिया पोटाची आणि दुखतो खांदा.

आत पाहायला जागा व्हावी म्हणून पोट कार्बन डायऑक्साइड वायूने फुगवतात. शेवटी तो बाहेर काढला तरी थोडा आत राहतो आणि छाती-पोटामधल्या पडद्याला, म्हणजे श्वासपटलाला, डिवचतो. श्वासपटलाचा चेतातंतू मानेतून येतो आणि खांद्याच्या संवेदना वाहणाऱ्या तंतूंशी त्याची मुळं जुळलेली असतात, म्हणून मेंदूला दुखणं खांद्यात असल्याचं भासतं. उठून बसलं की वायू वर, श्वासपटलाकडे जातो आणि खांदा जास्त दुखतो. अशा वेळी उतार कमी करून थोडा वेळ जवळजवळ सपाट पडल्याने बरं वाटतं. घरात चालण्याने आणि खांद्याला सुती कपड्यातून हलका शेक दिल्यानेही आराम पडतो. दोन-तीन दिवसांत वायू शरीरात शोषला जातो. खांदादुखीबरोबर धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर मात्र तिला वायू समजून थांबू नये.

सिझेरियननंतरची आई

सिझेरियन ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे, हे बाळाच्या आनंदात घर विसरून जातं. इतर रुग्णाला रात्री झोप मिळते, या आईला दर दोन-तीन तासांनी उठावं लागतं. म्हणून तिच्यासाठी उठण्याची सोय दुप्पट महत्त्वाची. बाळाची झोपण्याची जागा पलंगाला लागून, तिच्या हाताच्या टप्प्यात आणि गादीच्या उंचीला असावी. पाळणा खोलीच्या दुसऱ्या टोकाला नसावा. रात्री बाळ उचलून तिच्या हातात देणारं माणूस शेजारी असावं.

दूध पाजताना बाळ टाक्यांवर येऊ नये म्हणून मांडीवर उशी घ्यावी, किंवा बाळाला बगलेखाली, त्याचे पाय आईच्या पाठीकडे जातील असं धरावं. कुशीवर पडून पाजणंही सोयीचं असतं, फक्त औषधांनी गुंगी असेल तेव्हा पाजून झाल्यावर बाळाला तिच्या शेजारून उचलून त्याच्या जागी ठेवायला कोणीतरी जागं हवं.

बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती द्यायची, ही आपली रीत मायेची आहे आणि कामाच्या ओझ्यापासून ती आईला खरोखर वाचवते. ती जपावी. त्यात दोन बदल करावेत. ओल्या जखमेजवळ शेगडीचा शेक देऊ नये. धुरीने खोकला येतो आणि खोकल्याने टाके दुखतात, म्हणून धुरीही टाळावी. आणि विश्रांती म्हणजे पडून राहणं असं समजू नये. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो, म्हणून तिने दिवसातून अनेकदा घरात चाललं पाहिजे.

पडून राहण्याचा तोटा

विसाव्या शतकाच्या जवळजवळ मध्यापर्यंत पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवडे अंथरुणात ठेवण्याची पद्धत होती. शिकागोचे एमिल रीस यांनी १८९९ मध्ये आपल्या रुग्णांना लवकर उठवण्याचा अनुभव मांडला, तेव्हा फार कोणी मनावर घेतलं नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेत डॅनियल लाइटहाउझर यांनी हाच विचार नेटाने पुढे नेला. पुढे डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात वेदनाशमन, लवकर अन्न आणि लवकर चालणं यांची सांगड घालून दाखवली. आज शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला चालवतात ते त्यामुळे.

पडून राहिलं की फुप्फुसांचे खालचे भाग नीट फुलत नाहीत, तिथे कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाव मिळतो. तीन रंगीत गोळ्या वर खेचायचं जे यंत्र रुग्णालयातून देतात, ते यासाठीच. घरी आल्यावर ते कपाटात जाता कामा नये. जागेपणी दर तासाला पाच-दहा दीर्घ श्वास घ्यावेत. पायांतलं रक्त साचू नये म्हणून पडल्या पडल्या पावलं वर-खाली हलवावीत. चालण्याने आतड्यांनाही चालना मिळते, गॅस सरतो, पोट हलकं होतं.

म्हणून दिवसाची आखणी अशी करावी: थोडं चालणं, थोडं खुर्चीत बसणं, थोडं आडवं होणं, आणि पुन्हा तेच. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासाची पुरे. दिवसभर झोपलं तर रात्र जागरणात जाते.

रात्रीची तयारी

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक-दोन रात्री स्वप्नांची झोप फार कमी होते. शस्त्रक्रियेचा शरीराला बसलेला धक्का आणि अफूवर्गीय वेदनाशामकं ही त्याची मोठी कारणं. नंतरच्या रात्रींत ती झोप भरून निघते, तेव्हा ठळक, कधी भयावह स्वप्नं पडतात. घरी आल्यावर माणूस दचकून उठू लागला तर घाबरून जाऊ नये, हे सहसा काही दिवसांत ओसरतं.

डॉक्टरांनी दिलेल्या वेळांत बसत असेल तर वेदनाशामकाची एक मात्रा निजण्यापूर्वी तासभर आधी यावी, असं त्यांच्याकडून ठरवून घ्यावं. ‘सहन होतंय’ म्हणून गोळी टाळणारा माणूस मध्यरात्री कळवळून उठतो. वेदना असली की तो खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, चालत नाही. मनाने जादा गोळी किंवा झोपेची गोळी मात्र कधीही घेऊ नये. अफूवर्गीय औषधाबरोबर झोपेची गोळी घेतली तर श्वास मंदावू शकतो.

रात्रीचं जेवण हलकं आणि झोपण्याच्या दोन-तीन तास आधी असावं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कारण कुंथण्याचा ताण थेट टाक्यांवर येतो. आतड्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर इसबगोलसुद्धा विचारूनच घ्यावा. भारतीय बैठकीच्या संडासात खाली बसून उठणं पहिल्या आठवड्यांत फार अवघड असतं. त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते, ती आधीच आणून ठेवावी. पलंग ते संडास ही वाट रात्री उजेडाची, कोरडी आणि मोकळी असावी. पायपुसणी उचलावीत, आतून कडी लावू नये.

घरच्यांचं काम

उठवताना रुग्णाचे हात धरून ओढू नये. ओढलं की तो अंग आकसतो आणि पोट आवळलं जातं. त्याच्या बाजूला उभं राहून खांद्यामागे हात द्यावा आणि त्याच्या गतीने वर येऊ द्यावं. भेटायला येणाऱ्यांसाठी वेळ ठरवावी. लोक आले की रुग्ण अवघडून बसतो, बोलतो, हसतो आणि मग थकून जातो. वन रूम किचनच्या घरात वेगळी खोली मिळणार नसते, पण सगळ्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर नसलेला कोपरा आणि दिवसातले ठरलेले शांत तास तरी देता येतात.

घरातल्या बाईची शस्त्रक्रिया झाली असेल तर तिची विश्रांती सर्वांत आधी मोडते. वीस लिटरची भरलेली बादली वीस किलोंहून जड असते. १४.२ किलो गॅसचं घरगुती सिलिंडर भरलेलं असताना जवळजवळ तीस किलो भरतं. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत यातलं काहीही तिने हलवता कामा नये, आणि ते तिला सांगून भागत नाही, ते काम दुसऱ्याने उचललं पाहिजे. ‘तू फक्त बसून सांग’ म्हणणाऱ्या घरात तिला दर दहा मिनिटांनी उठावंच लागतं.

काही लक्षणं दिसली तर उशा बदलत बसू नये, लगेच डॉक्टरांना कळवावं. ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर जाणं, टाक्यांभोवती लाली वाढणं, पू किंवा दुर्गंध येणं, टाक्यांतून अचानक पुष्कळ गुलाबीसर पाणी येणं, पोट फुगून उलट्या होणं आणि गॅस न सरणं, दिवसागणिक कमी होण्याऐवजी वाढत जाणारी वेदना, एकाच पायाची पोटरी सुजणं किंवा दुखणं. अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा जखम उघडून आतलं काही दिसलं तर १०८ क्रमांकावर फोन करून थेट रुग्णालय गाठावं.

शस्त्रक्रियेची तारीख आधी ठरलेली असेल तर ही सारी मांडणी दाखल होण्याच्या आधीच्या आठवड्यात करावी. पलंगाची उंची मोजावी, बाजू ठरवावी, कमोडची खुर्ची आणावी, आणि कुशीवर वळून उठण्याची रीत दुखणं नसतानाच रोज करून अंगवळणी पाडावी. रुग्णालयातून निघताना तीन प्रश्न विचारून उत्तरं फाइलवर लिहून घ्यावीत: कोणत्या कुशीवर आणि कधीपासून झोपू, पट्टा रात्री ठेवू की काढू, किती वजन किती आठवडे उचलू नको. ज्या घरात आजारी माणसाला कमी दुखत उठता येतं, तिथे तो जास्त वेळा उठतो, जास्त चालतो, खोल श्वास घेतो आणि लवकर बरा होतो.